घरातली भाडेकरू बाई

न्हाणीघराची भिंत ओल धरून बसली होती. धाकट्या भावाने फोनवर सांगितलं होतं, "ताई, एक माणूस पाठवतोय. घर नीट दाखव त्याला." म्हणून मोजपट्टी घेऊन आलेल्या माणसाला थोरलीने गवंडीच समजून आत घेतलं. शिवणयंत्रावरचं काम बाजूला ठेवून घराची एकूण एक दुखणी त्याच्यापुढे मांडली. कुठलं दार पावसात फुगतं, कुठली फरशी हलते. आई शेवटी कुठल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती, हेसुद्धा सांगून टाकलं. ऐकणारं कोणी भेटलं की तिची गाडी थांबत नसे.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मोजपट्टी गुंडाळत म्हणाला, "मावशी, एवढं खरं सांगणारा भाडेकरू पहिल्यांदाच पाहिला."

"भाडेकरू?"

"मालकच म्हणाले. वडिलांमागे ते एकटेच वारस, घरात एक भाडेकरू बाई आहेत, त्या जातील. पुढच्या आठवड्यात खरेदी करतोय मी. का हो, आणखी कोणी आहे का हक्क सांगणारं? असेल तर आत्ताच बोला. नंतर मला कोर्टात चपला झिजवायच्या नाहीत."

'मी त्याची सख्खी बहीण' एवढं थोरलीने म्हटलं असतं, तर तिचा वाटा वाचला असता. पण जिने या पोराच्या सगळ्या चुका जन्मभर पोटात घातल्या, शाळेतून तक्रार आली की "मीच सांगितलं होतं त्याला" म्हणत स्वतः बोलणी खाल्ली, तिची जीभ परक्यासमोर त्याला खोटं पाडायला वळतेय कशाला!

"नाही," ती म्हणाली. "मी भाडेकरूच."

"भाडं किती देता?"

तिने आईचं हगणं-मुतणं काढलं होतं, घरासाठी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. यातलं भाडं कशाला म्हणायचं? तिचा बांध फुटला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

तो बिचारा ओशाळला. माणूस भला होता. "अहो मावशी, रडू नका. हवं तर आणखी महिनाभर राहा. भाडंसुद्धा नको मला."

"फार उपकार झाले," थोरली डोळे पुसत म्हणाली. स्वतःच्या बापाच्या घरात महिनाभर राहू दिल्याबद्दल ती त्याचे आभार मानत होती, आणि अगदी मनापासून मानत होती.