पाहुण्यांचा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि आज मी रागावलेलो आहे. पाठीवर चार थपडा खाऊन, वर 'डबा' म्हणवून घेतल्यावर तुम्ही तरी गोड बोलला असता का?

चौदा वर्षांपूर्वी खोपोलीच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. पळसदरीच्या सहदेवरावांची मुलगी रोहिणी कर्जतला कॉलेजात जाऊ लागली होती, तिच्यासाठी त्यांनी मला घेतलं. टेंपोत गोणपाटांच्या मधे बसून मी घरी आलो. रोहिणीच्या आईने, अंबाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. तेव्हा माझं काय कौतुक होतं! आळीतली पोरं दहावीचा निकाल बघायला माझ्यापुढे रांग लावायची.

एका वर्षी भाताच्या लावणीच्या दिवसांत रोहिणीने मला माईक जोडला आणि आईला समोर बसवलं. अंबाबाईंनी लावणीची एकतीस गाणी म्हटली. मधेच त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बंद कर गं आता, चुलीवर भात हाय माजा." तेही मी जपून ठेवलं. 'आईची गाणी' असं त्या फोल्डरचं नाव.

पुढे रोहिणी लग्न होऊन पनवेलला गेली. तिच्या धाकट्या भावाने, नवीनने, शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांसाठी अंगणात दोन खोल्या बांधल्या. माझ्या डोक्यावर टॉवेलांच्या घड्या आल्या. माझे स्पीकर उंदरांनी कुरतडले, पेनड्राइव्ह लावायची भोकं गंजली, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही. लुगड्याच्या झाकणाने तर नवीनने मोटारसायकल पुसली. हे मी विसरणार नाही.

गेल्या महिन्यात अंबाबाईंना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. कर्जतच्या उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, की यांची स्वतःची जुनी गाणी असतील तर आणा. बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाण्यातून शब्द सापडतो. आज दुपारी चारची वेळ दिली होती. सकाळीच रोहिणी लॅपटॉप घेऊन माहेरी आली.

रस्त्याच्या खोदकामात केबल तुटल्यामुळे बाहेरचं इंटरनेट बंद होतं. पण घरातलं वायफाय चालू होतं. मी वायरने त्याच्या डब्याला जोडलेला, लॅपटॉप वायफायवर, म्हणजे फोल्डर एकाकडून दुसऱ्याकडे सहज जायला हवं होतं. तरी लॅपटॉपला मी काही दिसेना.

नवीनने मला तीनदा बंद-चालू केलं. शेअरिंगच्या सगळ्या खुणा तपासल्या. वायर काढून पुन्हा खोचली. माझा हिरवा दिवा लुकलुकत होता, मी हजर होतो! तरी त्याने माझ्या पाठीत थपडा घातल्या.

"ताई, हा डबाच गेलाय गं. भंगारवाल्याला दिऊन टाकू."

"आरं, आयची गाणी हायत त्यात!" रोहिणीने त्याचा हात धरला. "दुसरीकडं कुटंच नाय रं ती. तीन वाजत आले."

मी तिथे ओरडलो असतो, पण मलाही वाचा नाही. अरे शहाण्या, चूक माझ्यात नाही! तूच वायफायची दोन नावं ठेवलीस, 'घर' आणि 'पाहुणे'. पर्यटकांना घरातल्या वस्तू दिसू नयेत म्हणून 'पाहुणे'पुढे तूच भिंत घातलीस. आणि सकाळी बहीण दारात आल्या आल्या तिच्या हातात कुठला पासवर्ड ठेवलास?

खाटेवर बसलेल्या अंबाबाई सगळं बघत होत्या. त्या हळूच उठल्या, भिंत धरत माझ्यापर्यंत आल्या. माझ्या वर दोन्ही नावांची आणि पासवर्डांची चिठ्ठी चिकटवलेली आहे; त्यातला 'पाहुणे'चा पासवर्ड पर्यटकांना सांगायचं काम झटक्याआधी त्यांचंच होतं. त्यांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या 'पाहुणे' या नावावर डावं बोट टेकवलं आणि 'नाही' म्हणून जोराने मान हलवली. मग रोहिणीचा हात उचलून चिठ्ठीतल्या 'घर' या शब्दावर नेऊन ठेवला.

नवीनचं तोंड उतरलं. "ताई, चुकलं गं माजं. तुला पावण्यांचाच दिला मी."

रोहिणीने डोळे पुसले आणि लॅपटॉप 'घर'ला जोडला. दुसऱ्याच क्षणी मी लॅपटॉपला दिसलो. मी एकतीसच्या एकतीस गाणी धाडली, एकही अडू दिलं नाही.

पहिलं गाणं लागलं. अंबाबाई स्वतःचाच आवाज ऐकत उभ्या राहिल्या. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग ते हसणं आलं, आणि त्यामागून "चुलीवर भात हाय माजा." तेव्हा अंबाबाईंच्या घशातून अडखळत, पण स्पष्ट आलं, "भा... त."

रोहिणीने आईला मिठी मारली. रिक्षा दारात आली आणि तिघं कर्जतला गेली.

मित्रांनो, माझी माफी कुणी मागितली नाही, आणि माझा राग गेलेला नाही. माझ्यासारख्या जुन्याला थपडा घालण्याआधी आपण स्वतः काय जोडलंय ते बघा. जपायचं ते एकाच्याच पोटात ठेवू नका. आणि लग्न झालेली बहीण घरी आली, तर तिला घरचाच पासवर्ड द्या.