संशयातलं स्टॉपवॉच

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे. चोराकडेही कुणी बघत नसेल इतक्या संशयाने लोकांनी माझ्याकडे बघितलं आहे.

कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला भिंगाखाली धरलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग मी पोहण्याच्या तलावावर एका प्रशिक्षकांच्या गळ्यात आलो. शर्यतीत पहिला येणारा माझं कौतुक करायचा. दुसरा येणारा ओल्या बोटांनी मला उलटंपालटं करायचा.

"सर, हे बरोबर चालतं ना?"

सर म्हणायचे, "त्याला तुमची नावं माहीत नाहीत."

पुढे आकडे दाखवणारी घड्याळं आली आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. तिथे संपलेले सेल होते, बिनकुलपाच्या किल्ल्या होत्या. मला चावी द्यायचं कुणाच्या मनातही येईना.

बाहेर निघालो ते सरांच्या मुलीसाठी. घरात तिला बारकी म्हणतात. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेशपरीक्षेचा पहिला सराव पेपर तिने जेवणाच्या टेबलावर मला समोर ठेवून सोडवला. गुण इतके कमी आले की तिने बेरीज पुन्हा केली, मग वडिलांना करायला लावली.

"हे घड्याळ पळतंय," ती म्हणाली.

सरांनीही माझ्याकडे संशयाने पाहिलं. खरं सांगू? माझीही खात्री नव्हती. इतकी वर्षं खणात काढल्यावर पोटातल्या स्प्रिंगचा काय भरवसा?

सकाळी बारकीने मला मोबाइलशेजारी ठेवलं आणि दोघांना एकदम सुरू केलं. चहा पितानाही तिने नजर हलवली नाही. शेवटी तिचा चेहरा पडला. मी पळत नव्हतो, उलट मागे पडत होतो. म्हणजे तिला जास्तच वेळ मिळाला होता, आणि तरी एवढेच गुण.

आता संशय वडिलांवर गेला. "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना? माझी कीव आली म्हणून हे दिलंत?"

"नाही गं. मलाही वाटलं, पळतंय. मी तर मनात तुझे गुण वाढवूनही ठेवले होते."

"मी परीक्षेला बसणारच नाही."

सरांनी समजूत घातली नाही. तिची उत्तरपत्रिका पुढे ओढली. "हे उत्तर का खोडलंस?"

"फार सोपं वाटलं. म्हटलं, काहीतरी गोम असणार."

"खोडलेलं बरोबर होतं. हेही. आणि हे बघ, हेही."

सोप्या प्रश्नांवर संशय घेत ती तिथेच घुटमळली होती आणि शेवटचं पान कोरं राहिलं होतं.

"म्हणजे मला येत होतं," ती म्हणाली. लगेच तिने वडिलांकडे रोखून पाहिलं. उगाच बरं वाटावं म्हणून तर बोलत नाहीत? तिने सगळी खोडलेली उत्तरं स्वतः पडताळली. मगच तिला पटलं.

त्या दिवशी ती मला घड्याळजीकडे घेऊन गेली. त्याने मला साफ केलं, तेल दिलं. मी वेळेवर चालू लागलो. घरी सरांनी नियम घातला: उत्तर खोडायचं तर आधी मोठ्याने कारण सांगायचं. पुढच्या पेपरला गुण जरा वाढले. त्यापुढच्याला घसरले. बारकी नाक मुरडून पुन्हा बसली. हळूहळू खाडाखोड कमी होत गेली.

परीक्षेच्या सभागृहात घड्याळ न्यायला बंदी होती. सरांनी मला घरीच वेळेवर सुरू केलं आणि समोर बसून राहिले. संध्याकाळी बारकी आली.

"शेवटचं पान?"

"झालं."

"खोडलं काही?"

"एकच. कारण होतं."

दुसऱ्या यादीत तिला प्रवेश मिळाला. जाताना तिने मला पिशवीत टाकलं.

मित्रांनो, पहिल्या गुणांवर चिडून कुणाला खणात ढकलू नका, आम्हालाही नाही आणि स्वतःलाही नाही. संशय जरूर घ्या, पण तो पडताळून बघायचे कष्टही घ्या. आणि अधूनमधून आम्हाला तेल द्या.

परवा बारकीने मला हातात धरून एका आजारी गाईची नाडी मोजली. मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मोजली. मला मुळीच राग आला नाही.