मंजुळेचा निंबा

सोमवारी जळगावच्या कॉलेजात रूपाने बी.एस्सी.च्या वर्गाला वाय गुणसूत्राची गोष्ट सांगितली. एके काळी एक्स आणि वाय ही सारखीच जोडी होती. पुढे वायची बहुतेक जनुकं गळून गेली, एक्सने आपली जपली. माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, कुणाचाही एक्स घ्या, बराचसा सारखा. वाय मात्र प्रत्येकाचा आपल्याच वाटेने भरकटलेला. वर्ग हसला, रूपाही हसली.

रविवारी सोनगीरला सासरी त्याच वायपायी तिला भर बैठकीत बसवलं, तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही. तिला दोन मुली. सासऱ्यांना, सुकदेवनानांना, तिसरं मूल हवं होतं आणि तो मुलगाच हवा होता. रूपाने दोनदा स्पष्ट नाही म्हटलं होतं. तिचा नवरा प्रेमराज अशा वेळी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायचा.

म्हणून नानांनी या खेपेला भाटाला हाताशी धरलं. दर तीन-चार वर्षांनी भाट यायचा, कुळाची पोथी उघडायचा, नव्या मुलग्यांची नावं चढवायचा. मुलींची लिहायची नाहीत, ही नानांची ताकीद. म्हातारा भाट वारला होता, आता त्याचा मुलगा आला होता. भाऊबंद सतरंजीवर दाटीवाटीने बसले होते.

“मुळपाइन वाच,” नाना म्हणाले. “बठ्ठासले आयकू दे. मंग सूनबाई सांगी, हाऊ वंश आठेच बुडाडना शे का.”

वंश इथेच बुडायचा का, हे सुनेने सगळ्यांसमोर सांगायचं! रूपाला नानांची मनापासून कीव आली. ज्याच्यासाठी एवढा थाट, तो वाय एक्सच्या निम्म्यानेही नाही, आणि ऐट केवढी!

सकाळी चुलीपाशी तिने सासूला, यशोदाबाईंना, समजावलं होतं. “आई, बापाकडून मुलीला येतो तो एक्स बापाला त्याच्या आईकडून मिळालेला असतो. म्हणजे या पोरींत तुमचा आहे. मुलगा झाला असता तर त्याला नानांचा वाय मिळाला असता, तुमचा एक्स नाही.” यशोदाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी उलटली आणि दुसरी थापायला घेतली होती.

भाट एका सुरात वाचत होता. बापाचं नाव, मुलाचं नाव. नाना प्रत्येक नावाला मान डोलवत होते.

“वनाचा नवल. नवलास पुत्र नाही. कन्या मंजुळा. मंजुळेचा पुत्र निंबा, तो नवलने दत्तक घेतला. निंबाचा झुलाल. झुलालचा सुकदेव.”

नानांची मान थांबली.

“तुना बाप हाई वाचे नही,” ते भाटावर खेकसले.

“बाप वाचत नसेल, मी लिहिलंय तेच वाचलं, नाना.”

म्हणजे नानांना ठाऊक होतं, रूपाच्या ध्यानात आलं. जन्मभर ही ओळ गिळून हा माणूस मिशीला पीळ भरत आला, आणि दोन पोरींच्या आईला कुळबुडवी ठरवायला निघाला.

“मंजुळाबाईंच्या नवऱ्याचं नाव काय?” तिने विचारलं.

भाटाने पान मागे केलं, पुढे केलं. “नाही लिहिलेलं.”

“नाना, मुलाला वाय बापाचा मिळतो. निंबाआबांना नवलचा नाही, त्या जावयाचा मिळाला. तोच झुलालआबांना, तोच तुम्हाला. नवलचा वंश पुढे आला तो मुलीमुळे. तिसरं मूल मला नको, ते मी आता सगळ्यांसमोर सांगते.”

दाराशी उभ्या यशोदाबाई पुढे आल्या आणि भाटासमोर बसल्या.

“मंजुळानं नाव पोथीमा शे ना? मंग मन्या दोन्ही नातीसना नावे बी लिख. मी सांगस.”

भाटाने नानांकडे पाहिलं. नानांनी नजर पोथीवर वळवली, तेव्हा त्याने पेनाचं टोपण काढलं. प्रेमराजने मोबाइल खिशात घातला. एवढं तरी त्याला जमलं.

दोन्ही नावं लिहून झाली. भाऊबंद चहाला उठले. नाना तिथेच बसून होते. मग भाटाकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, “त्या जावईनं गाव तरी लिखेल शे का रे?”

भाटाने पुन्हा एकदा पान पाहिलं. गावही लिहिलेलं नव्हतं.