लॉकआऊटचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. तोंड मिटून बसणं हेच माझं काम, म्हणून आजवर गप्प होतो. आता माझी कडी तुटली आहे. गप्प बसायचं कारण उरलं नाही.

वडीगोद्रीच्या रखमाजी लोहारानं मला घडवलं. "चोराला आत सोडू नको," एवढंच सांगून त्यानं मला विकलं. जालन्यात बद्रीनारायण शेटजींच्या जिनिंगच्या गेटला मी लागलो. रात्री कापूस राखायचा, सकाळी सुटायचं. निजामाचं राज्य गेलं, माझं काम बदललं नाही. चोर मला बघून परत फिरत. त्याचा मला ताठा होता.

तुळजाबाई तिथं रेच्यावर कामाला होती. कापूस यंत्रात घालायचा, सरकी एकीकडं, रू एकीकडं. येता-जाता ती माझ्या तोंडात तेलाचा थेंब सोडी. लक्ष्मीपूजनाला शेटाणी भगवतीदेवी तिजोरीबरोबर माझीही पूजा करत. कुंकू, तूप, किल्लीच्या भोकाला गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी तुळजाबाई काडीनं सगळं कोरून काढी नि म्हणे, "नैवेद्य झाला, आता चूळ भर." हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती करते हे कुणाला ठाऊकही नव्हतं.

रेच्यांच्या खोलीत धुरासारखी रू उडे. बायकांची लेकरं तिथंच गोधडीवर. तुळजाबाईची पोर खोकून खोकून निळी पडू लागली. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बायका शेटजींपुढं उभ्या राहिल्या.

"शेटजी, आवारात एक छप्पर घाला. लेकरं तिथं ठिवतो. दुसरं काही मागून न्हाई राह्यलो."

"आज छप्पर, उद्या पाळणा. जिनिंग हाये का धर्मशाळा?"

बायका जागेवरच बसल्या. शेटजींनी मॅनेजर धर्मराजकडं पाहिलं. तो इंग्रजी शिकलेला.

"लॉकआऊट करू, शेटजी."

"म्हणजे?"

"लॉक आऊट करणं म्हणजे माणसाला बाहेर ठेवून कुलूप लावणं. रागावलेल्या बायकोनं नवऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं, तरी इंग्रज असंच बोलतो. आणि मालकानं कामगारांना बाहेर ठेवलं, की त्या टाळेबंदीचं नाव लॉकआऊट."

शेटजींना शब्द फार आवडला. दिवसभर तोंडात घोळवला. "चहा थंडा आणला तर तुझाबी लॉकआऊट," असं नोकरालाही सुनावलं. संध्याकाळपर्यंत तो शब्द मोंढ्याच्या सगळ्या बाजारात पोचला.

दुसऱ्या दिवशी बायकांना बाहेर काढून मला भरदिवसा गेटला लावलं. बाहेर चोर नव्हता. खांद्यावर खोकणारी पोर घेऊन तुळजाबाई उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तूबी त्यांचाच निघाला काय रं?"

लोखंडालाही बोल लागतो. चोर अडवायला जन्मलेल्या मला शेटजींनी तिच्यावर घातलं. त्याच घटकेला मी मनात गाठ मारली. शेटजी, हे मी फेडीन.

लक्ष्मीपूजन झालं. कुंकू, तूप, गूळ. कोरून काढणारी बाहेर होती. तूप थिजलं, गूळ वाळला, कुंकवाचा लगदा आत बसला. मी तो धरून दात आवळले.

लाभपंचमीला नव्या हंगामाचा मुहूर्त. शेटजींनी आष्टीकडून नवे मजूर आणले होते. कापसाच्या गाड्यांची रांग लागली. तुळजाबाई नि बाकीच्या बायका लेकरं घेऊन गेटाबाहेर बसल्याच होत्या. भटजींनी खूण केली. शेटजींनी किल्ली घातली. मी हललो नाही. धर्मराजनं जोर लावला. किल्ली वाकली.

"जल्दी करा शेटजी," पहिल्या गाडीवरून कचरू ओरडला. "मुहूर्त काय तुमची वाट बघून राह्यलाय?"

"शेटजींचाच लॉकआऊट झाला की हो!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळी रांग हसली.

शेटजी लाल झाले. "घण आणा!"

"पुजलेलं कुलूप फोडू नका," भगवतीदेवींनी हात जोडले. "लक्ष्मीच्या तोंडावर घाव घालता काय?"

शेटजींनी ऐकलं नाही. घण स्वतः उचलला. घाव बसला, कडी तुटली, मी धुळीत पडलो. फार दुखलं. पण मला तेच हवं होतं.

कचरूनं बैल वळवले. "पुजेचं कुलूप फोडणाऱ्याच्या दारी पैला कापूस उतरवीत न्हाई मी."

एकामागून एक गाड्या रस्त्यापलीकडं लालचंदजींच्या जिनिंगकडं वळल्या. एवढा माल बघून लालचंदजी गेटवर आले.

"तुळजाबाई, हात कमी पडून राह्यले. येता का समद्याजणी?"

"लेकरांना छप्पर?"

"कुडाचं. आजच घालतो."

बायका निघाल्या. आष्टीचे मजूरही गाड्यांमागं गेले. शेटजी ओरडले, "अरे, गेट उघडं हाये! या ना आत!" तुळजाबाईनं पोरीच्या डोक्यावर पदर घेतला आणि रस्ता ओलांडला.

मी अजून त्याच गेटाशी मातीत पडलोय. गंज चढलाय. कुणी उचललंत तर मला सांधू नका. वितळवून विळा करा, खुरपं करा. पुन्हा माणसांवर घालाल तर मी पुन्हा दात आवळीन.

शेटजी येता-जाता मला बघतात आणि वाट वाकडी करून जातात. त्या हंगामात त्यांनी गेटला दुसरं कुलूप घेतलं नाही. राखण्यासारखं आत काही नव्हतं.