जन्माचा अर्धा इंच

"आणखी काही शंका?" डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावत विचारलं.

शंका विचारण्याचं काम आत्तापर्यंत माझ्याकडेच होतं. भूल पुरती देणार की कंबरेखालची, नवा खुबा किती वर्षं टिकेल, जिना कधी चढायचा, सगळं मी खोदून खोदून विचारलं होतं. ज्यांचा खुबा परवा बदलायचा होता ते आमचे हे मात्र शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसले होते. हे शिंपी. चाळीस वर्षं पुरुषांच्या पँटी शिवतायत, सगळा भाग त्यांना मास्तर म्हणतो. गिऱ्हाइकाशी खिशाच्या तिरक्या तोंडावर तासभर बोलतील, पण स्वतःविषयी बोला म्हटलं की संपलं.

मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात ह्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात जुने रिपोर्ट असतील असं मला वाटलं होतं. निघाली एक पँट. राखाडी, जाड कापडाची, घड्यांवर पिवळी पडलेली. लग्नात घातलेली पँट! मी ओळखली आणि अगदी ओशाळले.

"अहो, ही कशाला आणलीत इथं?"

"थांब गं जरा." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, एक बोलू का? रागावणार नसाल तर."

"बोला ना मास्तर. आज त्याचसाठी बोलावलंय."

"तुम्ही म्हणालात, झिजेमुळे डावा पाय इंचभर आखूड झालाय. तो इंच तुम्ही भरून काढणार."

"हो. दोन्ही पाय सारखे करायचे."

"तो सगळा इंच झिजेचा नाही." हे टेबलाच्या कडेवर नखानं रेघ ओढत होते. "त्यातला अर्धा जन्माचा आहे."

डॉक्टरीणबाईंनी फाईल उलटून मागचं पान काढलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. पाय आधीपासून आखूड होता का? तुम्ही नाही म्हणालात."

"खोटं बोललो," हे म्हणाले. "ही शेजारी बसली होती."

अडतीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढली. ह्यांची चाल थोडी हलती होती हे खरं, पण मला ती ऐट वाटायची. दिवसभर मशीन मारून पाय आंबत असतील, असंही कधी वाटायचं. ह्यांनी खिशातून टेप काढली, पँट टेबलावर पसरली आणि म्हणाले, "मोजा. तेव्हा पंचविशीत होतो. काही दुखत नव्हतं."

कंबरपट्टीपासून खालच्या दुमडीपर्यंत उजवा पाय एकेचाळीस. डावा साडेचाळीस. बाईंनी दोनदा मोजलं. मग मी मोजलं, कारण मला राहवलं नाही.

दुकानातली तुरपाई लग्न झाल्यापासून मी करते. गावभरच्या पँटींना माझा हात लागलाय, फक्त ह्यांच्या पँटीला नाही. "माझं मी बघतो," म्हणायचे. माझा टाका ह्यांना पसंत नाही, म्हणून मी पहिली दोन वर्षं रुसून होते आणि पुढची छत्तीस वर्षं टोमणे मारत होते. आता कळलं. उभे राहिले की दोन्ही दुमडी बुटावर सारख्याच टेकायच्या, इतकं नेमकं शिवायचे. इस्त्री मीच करायची, पण घडीसुद्धा हेच घालून द्यायचे. हातभर अंतरावर झोपणाऱ्या बायकोलाही न दिसणारी शिवण! मला राग यायला हवा होता. आला नाही. कारागिरी पाहून छाती दडपते तसं झालं मला.

"शाळेत पोरं लंगड्या म्हणायची," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "स्वतःची पहिली पँट शिवली त्या दिवसापासून कुणी म्हणालं नाही."

डॉक्टरीणबाईंनी टेप गुंडाळून ह्यांच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "मास्तर, एक्स-रेवर झीज दिसली आणि मी सगळा इंच तिच्या माथी मारला. ही पँट आणलीत ते फार बरं केलंत."

त्यांनी ह्यांचा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. त्यावर एक पारदर्शक कागद ठेवला. कागदावर नव्या खुब्याची आकृती छापलेली होती, गोळा, दांडा, वाटी. दोन बोटांनी त्या कागद हळूच खाली-वर सरकवत होत्या. ह्यांनी मान पुढे काढली.

"हे तर बेतणं झालं," हे पुटपुटले.

"बेतणंच. आणि आत गेल्यावर लगेच खरा सांधा बसवत नाही मी. आधी ट्रायलचा बसवते. पाय वाकवून, ओढून, फिरवून बघते. पटलं तरच खरा."

"म्हणजे कच्च्या शिलाईवर?"

"अगदी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाचे डोळे इतके मोठे झालेले मी पाहिले नव्हते. आमच्या मुलीच्या वयाची ती पोरगी. मनगटं काडीसारखी. आणि जिवंत माणूस उसवून, आत माप घालून, पुन्हा शिवणार होती!

"केसाइतकं नेमकं होईलच असं वचन देत नाही मी," त्या म्हणाल्या. "पण किती करायचं ते तुमच्या पायालाच विचारू. चपला काढा."

हे थबकले. घरातसुद्धा ह्यांच्या पायात चप्पल असायची. मग हातातली काठी मला देऊन उठले, चपला काढल्या आणि टेबलाला धरून फरशीवर उभे राहिले. पँट घोट्याच्या वर दुमडली. बाई खाली बसल्या आणि ह्यांच्या डाव्या पायाखाली लाकडाच्या चपट्या पट्ट्या सरकवू लागल्या. पाव-पाव इंचाच्या. एक, दोन, तीन, चार.

"आता दोन्ही बाजू सारख्या. कसं वाटतंय?"

हे ताठ झाले. खांदे एका रेषेत आले. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा हा माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा होता आणि मला तो एकदम परका, देखणा दिसला. ह्यांच्या ओठांवर हसू फुटलं.

"असं उभं राहायला मिळालं तर हवंच होतं..." बोलता बोलता ह्यांची टेबलावरची पकड घट्ट झाली. "पण पडतोय असं वाटतं, बाई. कंबर कुणीतरी ओढतंय."

"ती कंबर जन्मापासून तशीच बसलीय. काहींची सवय मोडते, काहींची नाही. तुम्ही सांगाल तसं."

"एक काढा."

बाईंनी एक पट्टी काढली.

"आणखी एक."

दोन पट्ट्या उरल्या. ह्यांनी डोळे मिटले, टेबल सोडलं. "इथं," म्हणाले. "झिजलं तेवढंच द्या. बाकीचं माझं मला राहू दे."

बाईंनी खाली बसल्या बसल्याच फाईलमध्ये लिहिलं. तेवढ्यात नर्सनं कसलेसे कागद घेऊन दार उघडलं. बाहेरच्या बाकांवर बारा-पंधरा माणसं बसलेली. त्यातली दोघं आमची गिऱ्हाइकं. सगळ्यांच्या नजरा आत आल्या, ह्यांच्या उघड्या पायांवर, पट्ट्यांवर, एका बाजूला कललेल्या कंबरेवर. मी दार लावायला धावले.

"असू दे गं," हे म्हणाले.

आणि तसेच उभे राहिले.