हातभर बांध

मला गावात अजून 'खुंटवाले यासुगोरो' म्हणतात. आदराने म्हणतात, आणि दर वेळी कुणी मुस्काटात मारल्यासारखं होतं. पण त्यांना कोण सांगणार!

बांदाईचा ज्वालामुखी फुटला तेव्हा मी छत्तीसचा होतो. अर्धा डोंगर नागासेच्या खोऱ्यात उतरला, वरची गावं गडप झाली. आम्ही योकोतावाले खाली होतो म्हणून वाचलो आणि वाटलं, सुटलो. कसले सुटलो! डोंगर पडला एकदाच, पण आमच्याकडे तो अठरा वर्षं येतच राहिला. दर पुराला वरून राख, वाळू, गोटे. पूर्वी नदीवर पाण्याला जायचं तर बारा पायऱ्या उतरायला लागायच्या. एकेक करून पायऱ्या गाळात गेल्या. मग नदी शेताच्या बरोबरीला आली, आणि शेवटी बांधाच्या आतून शेताच्याही वर वाहायला लागली. खाचरात चिखल कमी, वाळूच जास्त. माझी आई म्हणायची, आता भात नको पेरू, गोटेच पेर, ते तरी उगवतात.

मग काय, बांध! आम्ही वीतभर चढवला की पलीकडचे किबुनेवाले दोन वीत चढवणार. ज्याचा बांध ठेंगणा त्याच्या घरात नदी. दोन्हीकडची डोकी फुटली तेव्हा कुठे करार झाला. आमच्या बांधाला लागून एक टेकडी होती, तिच्यावर दगडी खुंट रोवायचा आणि खुंटाच्या खाचेपेक्षा कुणाचाच बांध उंच नको. दर वसंतात बर्फ वितळलं की दोन्ही गावांनी जमायचं, पाण्याने भरलेली पन्हळ खाचेला लावायची, पाण्याच्या रेषेतून डोळा धरायचा. ज्याचा बांध वर दिसेल त्याने तो कापायचा. टेकडीच का, तर ती कुणाच्याच वाडवडिलांची नव्हती. डोंगराने त्या दिवशी अख्खीच्या अख्खी आणून टाकली होती. भांडणच नको! खाचेची पातळी मी आमच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीशी जुळवली. राखणदारही मीच. किबुनेवाल्यांनी सुद्धा माझंच नाव घेतलं, तेव्हा माझा ताठा काय विचारता!

पुढे रशियाशी लढाई लागली, तरणे लोक गेले, दोन वर्षं मोजणी झालीच नाही. तिसऱ्या वसंतात मी पन्हळ लावली आणि डोळा धरला. आमचा बांध रेषेच्या वर होता. थोडाथोडका नाही, चांगला हातभर.

"चोर! लढाईची संधी साधली!" किबुनेवाले ओरडले.

मी पन्हळ फिरवली. त्यांचाही बांध हातभर वर. आता आमचे ओरडले. दगड उचलले गेले, आणि मग दोन्हीकडचे हात हळूहळू खाली आले. कारण प्रत्येकाच्या मनात एकच आलं, आपल्यातल्याच कुणीतरी गुपचूप माती टाकली आणि आता सगळ्या गावाचं नाक कापलं गेलं.

एकटा माझा धाकटा भाऊ कुमाझो पुढे आला. त्याच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं.

"दादा, दोन्हीकडे सारखंच कसं रे? दोन चोर काय मापाला सुतळी घेऊन एकत्र बसले होते? खुंट बघ आधी."

मी खुंटाला लाथ घातली. "हलतोय? बोटभर तरी हलतोय का बघ!"

"खुंट नाही हलला. पण देवळाकडून एकदा मोज ना. तासाचं काम आहे."

सगळ्या लोकांसमोर, किबुनेवाल्यांसमोर, माझा भाऊ मला मोजायला शिकवतो! माझं डोकं फिरलं. "खुंट बरोबर आहे," मी म्हणालो. "मी शपथेवर सांगतो."

तेवढं तासाचं काम मी केलं नाही.

दोन्ही गावांनी लाजेने मान खाली घालून आपापले बांध हातभर कापले. वीस दिवस लागले. कापताना आमचे लोक बोलायला लागले, की चोर कोण? गावप्रमुख मोहेइकाकांनी हिशोब जमवला. शिशिरात कुमाझो हातगाडीने माती ओढत होता. तो ती स्वतःच्या वाळू भरलेल्या खाचरात टाकत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सगळी तिथेच गेली का? आणि तोच का म्हणाला खुंट बघा म्हणून?

"तू थोरला आहेस. तूच विचार," मोहेइकाका म्हणाले.

मी विचारलं. रोज संध्याकाळी त्याच्या दारात उभा राहून विचारलं, नऊ दिवस. तो आधी हसला, मग चिडला, मग नुसता माझ्याकडे बघत बसला. भावजय मुळ्याचं लोणचं आणि चहा पुढे ठेवायची, मी हात लावायचो नाही. दहाव्या दिवशी मला ताप भरला आणि मी गेलो नाही. गावाने मात्र वाट पाहिली नाही, त्याला वाळीत टाकलं. पाटाचं पाणी बंद, रोपणीला कुणी जायचं नाही, रस्त्यात भेटला तर बघायचं नाही. मीही बघितलं नाही. सख्खा भाऊ!

त्याच शरदात, कापणी आठवड्यावर आली असताना, वादळ आलं. दोन दिवस पाऊस. नदी दोन्हीकडे एकदमच चढली आणि त्या नव्या कापलेल्या कडेवरून आरामात आत उतरली. आमच्याकडे सहा माणसं गेली. पलीकडे किती, ते कळायला मार्ग नव्हता, करार असला तरी बोलणं कुठे होतं! होडी माझ्याकडे होती. मोहेइकाका म्हणतील त्या क्रमाने मी घराघरांवर गेलो. कुमाझोचं घर सगळ्यात शेवटी. तो आणि भावजय छपरावर भाताचं मडकं मध्ये धरून बसले होते. होडीत उतरताना त्याने माझा हात घेतला नाही.

आत शिरलेलं पाणी तीन दिवस हललं नाही. देवळापासून टेकडीपर्यंत नुसतं सपाट तळं. चौथ्या दिवशी मी होडी घेऊन देवळाकडे गेलो. पाणी तिसऱ्या पायरीला लागून उभं होतं, पायरी जेमतेम ओली. म्हणजे खाचही पाण्याला लागूनच असायला हवी. टेकडीकडे वल्हवत आलो. खुंटाचं डोकं तेवढं वर होतं, खाच दिसेना. मी पाण्यात हात घातला. कोपर बुडालं तेव्हा माझ्या बोटांना खाच लागली.

खुंट जिथल्या तिथे होता. टेकडीच खाली बसली होती. नदीने बुडाशी पोखरलं, आतली माती दबली, आणि आमचा पक्का खुंट डोक्यावर घेऊन ती दोन वर्षं गुपचूप खचत राहिली. डोंगरावरून वाहत आलेल्या ढिगाऱ्याला आम्ही जमीन समजलो!

वसंतात दोन्ही गावं नवा खुंट रोवायला जमली. खाचेचं मी फक्त मोहेइकाकांना सांगितलं होतं, त्यांनी मला आधीच बाजूला घेतलं. "पुराने खुंट हलला, एवढंच म्हण. जुनं उकरू नकोस. चांगले बांध फुकट कापले असं कळलं तर लोक तुला जिवंत सोडणार नाहीत, आणि मलाही."

मी मान डोलावली होती. खरंच डोलावली होती. पण तिथे उभा राहिलो तर मागे कुमाझो दिसला, त्याच्या भोवती चार हात जागा मोकळी सोडून सगळे उभे. मला ते बघवेना.

"टेकडी खचली होती," मी ओरडलो. "पुराच्या आधीच. बांध कुणीच वाढवला नव्हता. ना आम्ही, ना तुम्ही. माझा भाऊ चोर नाही. मला मोज म्हणाला आणि मी मोजलं नाही. काय करायचं ते मला करा."

मला वाटलं, आता दगड येतील. कुणी हललंच नाही. मोहेइकाका आपल्या पायांकडे बघत राहिले. मग किबुनेचे म्हातारे प्रमुख इवाजिरो ओल्या वाळूत मटकन खाली बसले.

"कुणीच नाही?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, काका."

"आमच्याकडेही नाही?"

"नाही."

त्यांचे लोक त्यांना उठवायला लागले. त्यांनी हात झटकले. "मग माझा तोरामात्सु? माझा मुलगा? मी त्याला तीन दिवस विचारलं. प्रमुखाच्या घरापासून सुरुवात करायची म्हणून विचारलं. जेवण बंद केलं. चौथ्या दिवशी म्हणाला, हो बाबा, मीच टाकली माती." ते माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नसावा. "बांध कापून झाला त्या दिवशी नदीत गेला. मी रडलो पण नाही. म्हटलं, चोर होता."

आम्हाला हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"टाकलीच नव्हती तर हो का म्हणाला?" इवाजिरो विचारत राहिले. "का म्हणाला रे हो?"

गर्दीतून कुमाझो पुढे आला आणि त्यांच्याजवळ वाळूत बसला.

"मीही म्हणणार होतो, काका," तो म्हणाला. "दहाव्या दिवशी म्हणणारच होतो. त्या दिवशी दादा आला नाही."