दुसरं कडवं

"निल्सा, सरक की जराशी. मला त्याच्यापाशी उभं राहू दे."

चाळीस वर्षांनी दाल्विना आमच्या सांबाशाळेच्या, म्हणजे वस्तीतल्या गाण्या-नाचाच्या मंडळाच्या, अंगणात आली आणि आल्या आल्या मलाच सरकवलं. तिच्या मागे टीव्हीवाला कॅमेरा घेऊन उभा होता. मी सरकले. जन्मभर दुसरं काय केलं?

अरिस्तीदिस शवपेटीत निजला होता, अंगावर शाळेचं निळं निशाण. ते निशाण मागून मिळत नाही. या अंगणात ज्याने घाम गाळला, त्याच्याच अंगावर ते पडतं.

अरिस्तीदिस गवंडी होता. रविवारी चिठ्ठ्यांवर नवं गाणं उतरवून आणायचा, आम्हा बायकांना वाटायचा आणि चोरासारखा कोपऱ्यात उभा राहायचा. कारण गाणं रचणारा कितीही मोठा असो, बायकांनी ते उचललं नाही तर त्याच दिवशी मेलं. टेकडीवर पाणी वाहणाऱ्या बायकांवरचं त्याचं गाणं आम्ही पहिल्याच दमात उचललं. मी आणि दाल्विना, खांद्याला खांदा लावून. आवाज दोघींनाही होता. ती रंगाने माझ्यापेक्षा उजळ होती, म्हणून रेकॉर्डवाल्यांनी तिला नेलं. हे मी कुणाला भिऊन लपवणार?

रेकॉर्ड तीन मिनिटांची. दुसरं कडवं कापलं. त्यात नुसती त्या बायकांची नावं होती. असली नावं कोण ऐकतंय, असं साहेब म्हणाला म्हणे. "पुढच्या रेकॉर्डला पूर्ण गाते, आईशपथ," असं दाल्विनाने अरिस्तीदिसला सांगितलं. पुढे तिच्या अकरा रेकॉर्डी निघाल्या. मग पिसांचा मुकुट घालून ती हॉटेलांत परदेशी पाहुण्यांपुढे गायली. जाईल तिथे तेच अर्धं गाणं. अरिस्तीदिस विटा रचत राहिला. तिच्याबद्दल वाकडा शब्द त्याने कधी काढला नाही. तो मी काढला.

"निल्सा," ती कानाशी लागली, "मी गेले की माझ्यावरही टाकाल ना गं निशाण?"

"आधी गा तर खरी."

ती गायली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. पहिलं कडवं संपलं. रेकॉर्डवर लांबवायची तसा तिने शेवटचा सूर लांबवला, हात पसरले आणि थांबली. टाळी पडली नाही. खंजिरी वाजतच होती. सगळं अंगण दुसऱ्या कडव्याची वाट बघत होतं.

दाल्विनाचा चेहरा उतरला. "पहिला शब्द सांग," ती पुटपुटली. "एवढा एकच, निल्सा. पाया पडते."

शब्द माझ्या जिभेवर होता. मी ओठ मिटून घेतले.

मागून म्हाताऱ्या बायकांनीच कडवं उचललं: "सेबास्तियाना चढतेय, डोईवर डबा..."

सेबास्तियाना म्हणजे दाल्विनाची आई. तो डबा वाहून वाहूनच तिने पोरीला वाढवलं होतं. दाल्विनाने तोंडावर हात दाबला. कडवं संपेपर्यंत तो काढला नाही. निघताना निशाणाचं तिने पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं, 'महान गायिकेने दिला निरोप.' त्या लांबवलेल्या सुरावर त्यांनीही कापलं.

मी टीव्ही बंद केला आणि शेगडीवरचा घेवडा ढवळत गाणं पूर्ण म्हणायला घेतलं. सेबास्तियानापाशी आले आणि माझाच आवाज फुटेना.